उजव्या हाताचा दोरा

गुंडानं करकचून ब्रेक दाबला, तेव्हा बैलांची शिंगं आणि मोटारीची काच यांत हातभर अंतर उरलं होतं. उसाची गाडी बापडी आपल्या बाजूनं चालली होती. चुकली होती ती विट्याहून सांगलीला निघालेली मोटारच. भर दुपारी, मोकळ्या रस्त्यावर ती सरळ उजव्या अंगाला गेली होती.

"डोळं फुटलं काय रं तुजं?" गाडीवान ओरडला. मोटारीतली माणसंही चवताळली. गुंडा चाक सोडून खाली उतरला आणि बाभळीच्या बुंध्याशी मटकन बसला.

लढाईत दोन वर्षं त्यानं इटलीत पलटणीची लॉरी हाकली होती. तिकडं सगळे उजव्या बाजूनं चालवणारे. माणूस परत येऊन सहा महिने झाले, हात अजून तिकडंच होते! पण तेवढ्यानं गडी खचला नसता. पुढच्या बाकावर, अगदी त्याच्या शेजारी, राहीबाई बसली होती. त्याच्याच पलटणीतल्या ज्ञानूची आई. ज्ञानू लढाईत कामी आला, असं सरकारी पत्र तिला आलं होतं आणि ते तिनं देव्हाऱ्यात ठेवलं होतं. खरं काय ते गुंडाला ठाऊक होतं. सहा महिने तो तिच्या दारावरून मान खाली घालून जात होता.

राहीबाई काठी टेकत त्याच्याजवळ आली. "लागलं न्हाई न्हवं, लेकरा?"

तेवढ्या शब्दानं गुंडाला रडू फुटलं.

"काकी, ज्ञानू लढाईत न्हाई गेला. माज्या हातनं गेला. तिकडं उजवीकडनं चालायचं. मी सारखा चुकायचो, म्हनून त्यानं आपल्या हातातला दोरा सोडून माज्या उजव्या मनगटाला बांधला. 'दोरा हाय त्या अंगानं चाल, गड्या,' म्हनला. चार दिसांनी एका वळनावर मी इसरलो, डावीकडं गेलो. समोरनं लॉरी आली. ज्ञानू शेजारी बसला हुता. आज तुमी हुता. आता मी चाकाला हात लावनार न्हाई."

राहीबाईनं त्याचा उजवा हात ओढून घेतला. काळा, मळलेला दोरा. मधे तीन गाठी. ज्ञानू पलटणीत निघाला, तेव्हा भैरोबाच्या देवळात त्या गाठी तिनंच मारल्या होत्या. बराच वेळ ती त्यांच्यावरून अंगठा फिरवत राहिली. मग ती रडली, मोठ्यानं, रस्त्यावरच.

शेवटी तिनं दातात धरून दोरा मनगटावरून सोडवला. गुंडानं डोळे मिटून घेतले. नेऊ दे. तिचाच होता तो.

"डावा हात फुडं कर," राहीबाई म्हणाली. "आपल्याकडं ह्या अंगानं चालत्यात."