नखाच्या मुळाशी

मुलाकडच्या विमलआत्यांनी ऋताच्या अनामिकेच्या नखापाशी तेलाचा थेंब सोडला आणि त्यावर मोबाइलला जोडलेला भिंगाचा चिमटा लावला. हल्ली मुलगी बघायला येणारे पत्रिकेच्याही आधी हेच बघत. मोबाइलवर तिच्या बारीक रक्तवाहिन्या दिसू लागल्या, केसांच्या पिनांसारख्या वाकलेल्या, एका ओळीत.

"स्वच्छ आहे! कसलाच रोग नाही," आत्या खूश झाल्या.

"आता मुलाचंही बघू या," ऋता म्हणाली.

"मुलाचं कुणी बघतं का गं बाई?"

पण ज्याचं स्थळ होतं तो त्यांचा भाचा तन्मय हसला. "बघू दे की, आत्या," म्हणत त्यानं उजवा हात पुढे केला.

त्याच्या रक्तवाहिन्या सुजलेल्या होत्या, मध्येच तुटलेल्या. खाली लाल अक्षरं उमटली: कुष्ठरोगाची सुरुवात.



"घाबरू नका," ऋताच म्हणाली. "हात बधिर होण्याआधी गोळ्या घेतल्या की पूर्ण बरा होतो."

"गोळ्या घ्यायच्या म्हणजे दवाखान्यात नाव लागतं. याच्या बहिणीचं लग्न व्हायचंय अजून." आत्यांनी चिमटा काढून पदरानं पुसला आणि मोबाइलवरचं चित्र घालवलं. "आम्ही काही पाहिलं नाही, तुम्हीही नाही. मुलगी पसंत आहे आम्हाला."

ऋतानं वडिलांकडे पाहिलं. त्यांनी मान खाली घातली.

टीपॉयवर चहाचे स्टीलचे पेले वाफाळत होते. चटका बसेल म्हणून अजून कुणी हात लावला नव्हता. तन्मयनं मात्र आपला पेला मघापासून डाव्या मुठीत घट्ट धरून ठेवला होता.