कानातली शिट्टी

"सोंग घेतोस तू, चंद्रभान. कान ठणठणीत आहेत तुझे," मिलच्या दवाखान्यातला डॉक्टर म्हणाला आणि त्याने कागदावर 'कामास योग्य' असं लिहून टाकलं.

चंद्रभानच्या तळपायाची आग मस्तकात गेली. ही तिसरी खेप. दोन्ही कानांत शिट्टी वाजते, चोवीस तास वाजते, वर्षागणिक वाढते, तेव्हा मला लूमवरून काढून कापडाच्या घड्या घालायला द्या, एवढंच त्याचं मागणं. नागपूरच्या या मिलमध्ये बावीस वर्षं लूम चालवलेल्या माणसाने मागितलेली ती काही जहागीर नव्हती. पण डॉक्टरच्या चिठ्ठीशिवाय बदली नाही, आणि दुसऱ्याच्या कानातली शिट्टी डॉक्टरला ऐकू येणार कशी?

त्या शिट्टीपायी त्याने काय काय केलं होतं. लूमच्या खडखडाटात ती दबायची, पण तांडापेठेतल्या घरी निवांत बसलं की डोकं वर काढायची. म्हणून तो रोज संध्याकाळी पिठाच्या गिरणीला पाठ लावून बसे. ऐन पौषात कानाशी टेबलफॅन लावून झोपे, आणि बायको गोपिका दोन गोधड्यांत कुडकुडे. हे सगळं सोंग म्हणे.

"ऐकू येत नाही असं म्या कधी म्हटलं, साहेब? शिट्टी वाजून राह्यली म्हणतो."

"मी किती हळू बोलतोय. तरी तू एकूण एक उत्तर बरोबर देतोस. शिट्टी वाजत असती तर दिलं असतंस?"

या माणसाला एक दिवस, एकच दिवस लूमपाशी उभं करावं असं चंद्रभानला वाटलं. या खेपेला गोपिकाही हट्टाने सोबत आली होती आणि त्याच्या पाठीमागे, दाराशी बाकावर बसली होती. तिच्यादेखत आपल्याला खोटं ठरवलं, हे त्याला फार लागलं.

डॉक्टरने एकदम मान वर केली. चंद्रभानच्या खांद्यावरून मागे पाहिलं. मग खिशातून रुमाल काढून तोंडावर धरला आणि तसाच त्याच्याकडे बघत बसला.

म्हणजे आता घामाचा वास यायला लागला. तेल आणि घाम अंगात मुरला तो यांच्याच मिलमध्ये. चंद्रभानने बराच वेळ दम धरला, पण रुमाल काही हलेना.

"वास येत असन तं सरळ सांगा न, साहेब. मानसासमोर असं तोंड काहून दाबता?"

डॉक्टरने रुमाल खाली घेतला. तो ओशाळला होता.

"मी तुमचं गाव विचारलं," तो म्हणाला. "रुमालाआडून. तीनदा. लूमखात्यात सगळे ओठ बघूनच बोलतात, घरी पाठीमागून मारलेली हाक तुम्हाला कधीच ऐकू जात नाही, असं तुमच्या बाई मघापासून मागून सांगताहेत." त्याने कागदावरचं लिहिलेलं खोडलं.

चंद्रभान गर्रकन मागे वळला. "मले काहून नाही सांगतलं वं तू?"

गोपिकाने पदर तोंडाला लावला होता. तिचे खांदे हलत होते. पदराआड ती काहीतरी सांगत होती, आणि चंद्रभानला नुसती शिट्टी ऐकू येत होती.