समोरचा कप

मुलाने टोकियोहून बसमध्ये बसवून दिलं, म्हणून शालनताई डोंगरातलं तळं बघायला आल्या. डिसेंबरात तिथे चिटपाखरू नव्हतं. हंसाच्या आकाराच्या होड्याही साखळीने बांधलेल्या. उघडं होतं ते एक चहाचं दुकान.

पिशवी समोरच्या खुर्चीवर ठेवून त्यांनी सवयीने दोन बोटं दाखवली. म्हाताऱ्या मालकिणीने दोन कप आणले, तशा त्या ओशाळल्या. “चुकलंच माझं. ह्यांना जाऊन वर्ष झालं, एकटीच आहे मी,” त्यांनी फोनला सांगितलं आणि फोनने ते जपानीत म्हटलं.

म्हातारी फोनपाशी वाकून काहीतरी बोलली. फोन मराठीत म्हणाला, “राहू दे कप. आमचे तिकडे बसतात.”

खिडकीजवळच्या रिकाम्या खुर्चीपुढे भरलेला कप गार होत होता.

शालनताईंनी समोरच्या खुर्चीवरची पिशवी हळूच उचलून मांडीवर घेतली.