दोन सह्या

भाऊ अजून चावत होते. डोळे अर्धवट मिटलेले, जबडा संथ. टेबलाच्या दुसऱ्या टोकाला नाकताई अंड्याच्या सँडविचचा एकच घास केव्हाच्या तोंडात घोळवत बसल्या होत्या. त्यांची नजर होती भाऊंच्या डाव्या भुवईवर.

सँडविचच्या त्या कारखान्यात चवखोलीचा नियम कडक होता. रोज सकाळी ताज्या मालातली दोन सँडविच दोघांपुढे यायची. चव घेताना बोलायचं नाही, एकाच्या मताची छाप दुसऱ्यावर पडायला नको. चव घेऊन घास थुंकायचा, कागदावर आपापली खूण करायची आणि सही ठोकायची. दोन सह्या झाल्या की गाड्या सुटायच्या.

नाकताई हे नाव अख्ख्या कारखान्यानं दिलेलं. डब्यातलं अंडं आजचं की कालचं, हे त्या झाकण न उघडता सांगतात अशी ख्याती होती, आणि त्यात मीठमसाला फारसा नव्हता. अंड्याचं हे सँडविचही त्यांनीच बसवलेलं. वृद्धाश्रमाचे डॉक्टर म्हणाले होते, म्हाताऱ्यांना मटण चावत नाही, दुधाचा पेला दिसला की तोंड फिरवतात, पण प्रथिनं तर पोटात गेली पाहिजेत. ताईंनी उकडलेली अंडी कुस्करली, त्यात मेयोनीज, जरासं मस्टर्ड, मिरपूड आणि लिंबू घातलं. एका सँडविचला दोन अंडी, म्हणजे अंड्यांचीच बारा-तेरा ग्रॅम प्रथिनं. आणि मऊ इतकं, की जिभेनं दाबलं तरी विरघळावं. त्याच आश्रमात त्यांची मावशी राहत होती, त्यांना लहानाचं मोठं करणारी. पहिल्याच दिवशी तिचा फोन आला, "अगं, कवळी काढून ठेवली तरी खाता येतंय! उद्यापासून मला दोन पाठव."

चार महिन्यांपूर्वी ताईंना ताप आला. ताप उतरला आणि जाताना वास घेऊन गेला. जिभेला मीठ कळायचं, लिंबाचा आंबटपणा कळायचा, बाकी सगळा चोथा. आज येईल, उद्या येईल म्हणून त्यांनी कुणाला सांगितलं नाही. पुढे सांगायचीच लाज वाटू लागली. नाक गेलेल्या नाकताईला कोण विचारणार? शिवाय समोर भाऊ होते. तीस वर्षं त्यांनी हेच काम केलेलं. माल जरा बिघडला की त्यांची डावी भुवई चढायची, हे ताईंना पाठ होतं. या चार महिन्यांत ती एकदाही चढली नव्हती. हल्ली भाऊ वेळ मात्र फार लावायचे. वयाबरोबर माणूस जास्तच चोखंदळ झालाय, असं ताई मनाशी म्हणायच्या आणि त्यांना हायसं वाटायचं.

आजही भुवई जागची हलली नाही. ताईंनी 'ठीक'वर खूण केली. पाठोपाठ भाऊंनी केली. गाडी सुटली.

दुपारी फोन आला. वृद्धाश्रमातल्या अकरा जणांना उलट्या होत होत्या, चौघांना दवाखान्यात हलवलं होतं. मावशी त्या चौघांत होती. तिनं दोन खाल्ली होती.

दवाखान्यात जायला कारखान्याचीच गाडी होती. ताई ड्रायव्हरशेजारी बसल्या. तो म्हणाला, "फ्रीज बंद पडला होता म्हणे. उकडलेली अंडी रात्रभर तशीच उबट राहिली. सकाळी माल चढवताना मला वास आला होता, ताई."

"मग बोलला का नाहीस?"

"कागदावर तुम्हा दोघांच्या सह्या होत्या. म्हटलं, तुमच्यापुढे आपलं नाक ते काय!"

ताईंना मेल्याहून मेल्यासारखं झालं. मग रागही आला, आणि तो भाऊंचा आला. ड्रायव्हरला आला तो वास या माणसाला येऊ नये? चौकशीत भाऊंचंच नाव पुढे करावं, असाही विचार क्षणभर डोक्यात आला. त्या विचाराची त्यांना शिसारी आली.

भाऊ आधीच येऊन वॉर्डाबाहेरच्या बाकावर बसले होते. ताईंनी दाराच्या काचेतून आत पाहिलं. मावशीचं तोंड कवळीविना आत गेलं होतं. हातात सुई, डोळे मिटलेले. डॉक्टर काही सांगायला तयार नव्हते. आपण चार महिन्यांपूर्वी एक वाक्य बोललो असतो तर ही आत्ता आश्रमातल्या खुर्चीत बसून कुणाची तरी थट्टा करत असती, हे ताईंना लख्ख दिसलं. त्या बाकावर टेकल्या.

"भाऊ, तुम्ही स्वतःला दोष देऊ नका. तुमचं एखाद्या दिवशी चुकू शकतं. पण मी सगळ्यांना फसवलं. चार महिने मला कसलाच वास येत नाही. रोज तुमचा चेहरा बघून मी खूण करत होते."

भाऊंनी दोन्ही तळहात गुडघ्यांवर घट्ट दाबले.

"मला वर्ष झालं, ताई," ते म्हणाले. "मी तुमचा बघून करत होतो."