सत्याऐंशीवं पान

लढाईत कामी आलेल्या जवानाच्या आईचं पत्र ग्रंथपालांकडे कित्येक महिने उत्तराविना पडून होतं. ‘सुट्टीत तुमच्याकडून नेलेलं पुस्तक लेक मला फोनवर वाचून दाखवायचा. ते त्याच्या सामानातून परत आलं. सत्याऐंशीवं पान दुमडलंय, त्याच्यावर रागावू नका. पुढची पानं भिजून चिकटलीत. गोष्टीतला मुलगा शेवटी घरी पोचतो का?’ तो पोचत नव्हता. ग्रंथपाल कागद पुढ्यात घ्यायचे आणि पेनाला टोपण लावून उठायचे. आज मात्र त्यांनी लिहिलं, ‘पोचतो.’ पत्नीनं मागून वाचलं. “अहो, खोटं कशाला? मुलगा परत न येणं तिला तुमच्याहून जास्त कळतं. तिला उरलेली गोष्ट हवीय.” त्यांनी कागद फाडला. वाचनालयातून त्याच पुस्तकाची दुसरी प्रत काढली. पानं दुमडणाऱ्यांवर जन्मभर डाफरलेल्या माणसानं सत्याऐंशीव्या पानाचा कोपरा नीट दुमडला आणि पुस्तक पोस्टात टाकलं.