जो तो आपला ठेकेदार

"इथे कुणी नोकर नाही, जो तो आपला ठेकेदार," वेंडेल मालक पहिल्याच दिवशी सांगायचा. पण अंगात त्याच्या छपरं बसवायच्या कंपनीचा नारिंगी टी-शर्ट नसेल तर शिडीला हात लावू द्यायचा नाही.

ह्यूस्टनच्या उन्हात आमच्यातला एलिसेओ छपरावरून घसरला आणि खाली फरशीवर त्याचं डोकं फुटलं. वेंडेल सुरी घेऊन धावला. आम्हाला वाटलं, जखम बांधायला कापड फाडतोय. त्याने रक्ताळलेला टी-शर्ट कापून काढला आणि गाडीत फेकला.

"आता बोलवा ॲम्ब्युलन्स. हा माझा माणूस नव्हता."

आम्ही खाली उतरलो आणि आपापले टी-शर्ट काढले.

"शाब्बास! शहाणे आहात," वेंडेल हसला.

"म्हणजे आता आम्हीही तुझी माणसं नाही," आमच्यातला चावो म्हणाला.

हातोडे आमच्या हातातच होते. हत्यारं ज्याची त्याने आणायची, हाही त्याचाच नियम.