गुंडू मुकादमाचं पान

"सही कुणाची हाय ही?" कारखान्याचे मालक हंबीररावांनी कागद कॉम्प्युटरवाल्या प्रसेनजीतच्या नाकासमोर धरला.

"माझी, साहेब."

"मग गुंडूचा पाय कुणी घालवला?"

गुंडू मुकादमाचा पाय काल दुपारी फौंड्रीत गेला. क्रेन जुनी झाली म्हणून चैत्रात तिची मर्यादा पाच टनांवरून तीनवर आणली होती. त्याहून जड काही असलं की कॉम्प्युटरनं क्रेन अडवायची. काल गुंडूच्या पाळीत साडेचार टनांचा साचा उचलला, कॉम्प्युटर ढिम्म, आणि साखळी तुटली.

प्रसेनजीतनं मर्यादा बदलली होती की! सहा ठिकाणी बदलली होती. एकाच ठिकाणी बदलून भागायला हवं, पण इथं प्रत्येक मुकादमाला त्याच्या पाळीत स्क्रीनवर आपल्या नावाचं वेगळं पान लागतं. वर झेंडूची माळ, मधोमध नाव. खंडेनवमीला मशिनची पूजा झाली की हंबीरराव नव्या मुकादमाला तो मान देतात. मान कसला, जुन्या पानाची नक्कल मारायची, नाव बदलायचं. मर्यादेचा आकडाही नकलेबरोबर आपसूक जायचा. सगळी पानं एकाच आकड्याला जोडतो, पंधरा दिवस द्या, असं प्रसेनजीत दोन वर्षं कानीकपाळी ओरडत होता. "चालतंय न्हवं? मग कशाला उकरतोस?" हे उत्तर ठरलेलं.

गुंडूचं पान, म्हणजे सातवं, गेल्या खंडेनवमीला पृथ्वीराजनं केलं. प्रसेनजीत तेव्हा रजेवर होता. पृथ्वीराज हंबीररावांचा पुतण्या, तो कशाला कुणाला सांगतोय!

"साहेब, सातवं पान हाय हेच मला कुणी सांगितलं न्हाय."

"मग 'सगळीकडं बदललं' म्हणून ह्या कागदावर कशाला लिवलंस? फॅक्टरी इन्स्पेक्टर अकराला येतोय. चूक माझी म्हणून लिहून दे आन् नीघ. न्हायतर पोलिसात देतो."

पृथ्वीराज कोपऱ्यात मोबाइल बघत बसला होता. त्यानं मानसुद्धा वर केली नाही.

प्रसेनजीतला डोळ्यांपुढं घरची म्हातारी आई दिसली, पोलिसांची गाडी दिसली. तो घाबरला. आधी त्यानं गुंडूच्या पानावरचा पाचाचा तीन केला, मग कागद लिहून दिला. दारात थांबून म्हणाला, "साहेब, आता तरी तो आकडा एका जागी आणा."

"तू नीघ म्हटलं न्हवं?"

तो गेल्यावर हंबीररावांनी गुंडूच्या जागी त्याच्या हाताखालच्या गणपतीला बोलावलं. गणपती काल तिथंच होता, साखळी तुटताना. तो क्रेनकडं बघायलाही तयार नव्हता.

"पृथ्वीराज, ह्याच्या नावाचं पान कर."

"काका, खंडेनवमी कुठं हाय अजून?"

"असू दे रं. त्या क्रेनखाली हुभं राहायला माणूस खूश नको?"

पृथ्वीराजच्या लॅपटॉपवर गुंडूचं पान होतंच, गेल्या वर्षी केलेलं. त्याचीच नक्कल मारली, गुंडू खोडलं, गणपती टाकलं. दहा मिनिटांचं काम.

गणपतीचा चेहरा उजळला. त्यानं स्क्रीनचा फोटो काढून बायकोला धाडला. फोटोत झेंडूची माळ झकास आली होती. नाव ठळक होतं. त्याखाली बारीक अक्षरात मर्यादा होती, पाच टन.